बोलीआधीची चौकशी : उतारा, फेरफार आणि शिवार

लिलावात निघालेल्या मिळकतीची किंमत बाजारभावापेक्षा बहुधा कमी असते, कारण तिच्याबरोबर येणारी अनिश्चितता खरेदीदाराने स्वतःच्या अंगावर घ्यायची असते. नेहमीच्या खरेदीखतात विकणारा आपला हक्क निर्वेध असल्याची हमी लिहून देतो आणि ती खोटी ठरली तर त्याला जबाबदार धरता येते. लिलावाच्या जाहिरातीत मात्र ‘जसे आहे, जेथे आहे’ हे शब्द असतात आणि त्यांचा व्यवहारातला अर्थ असा की मिळकतीची कागदोपत्री व प्रत्यक्ष स्थिती तपासण्याचे ओझे बोली लावणाऱ्यावर आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारीसारख्या मोठ्या गावात एखादे घर, दुकानाचा गाळा किंवा रस्त्याकडेचा प्लॉट लिलावात निघतो, तेव्हा त्याची चौकशी करण्यासाठी मोठा खर्च करावा लागतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती फारशी खरी नाही. जमिनीचे, दस्तांचे आणि दाव्यांचे बहुतेक अभिलेख आज एक तर विनामूल्य पाहता येतात किंवा काही रुपयांत मिळतात. चौकशीचा क्रम मात्र नीट लावावा लागतो. जी तपासणी सर्वांत स्वस्त आहे आणि जिच्यामुळे मिळकत सरळ बाद होऊ शकते, ती सर्वांत आधी केली, तर वकील, मूल्यांकक आणि अभियंता यांच्यावरचा खर्च फक्त टिकून राहिलेल्या एखाददुसऱ्या मिळकतीवर होतो.

चौकशीची पहिली पायरी म्हणजे जाहिरात कोणत्या कायद्याखाली निघाली आहे हे वाचणे, आणि नेमकी हीच पायरी सर्वाधिक वेळा गाळली जाते. बँका व गृहकर्ज कंपन्या यांचे लिलाव सामान्यतः २००२ च्या सरफेसी कायद्याखाली होतात. या कायद्याने तारणधारक धनकोला, म्हणजे मिळकत तारण ठेवून कर्ज देणाऱ्या संस्थेला, न्यायालयात दावा न लावता तारणाची विक्री करण्याचा अधिकार दिला आहे. कर्ज थकीत ठरल्यावर कलम १३(२) खाली कर्जदाराला ६० दिवसांची मागणी नोटीस दिली जाते. कर्जदाराने हरकत घेतल्यास बँकेने १५ दिवसांत उत्तर द्यायचे असते. त्यानंतर कलम १३(४) खाली मिळकतीचा ताबा घेतला जातो आणि प्रत्यक्ष ताब्यासाठी गरज पडल्यास कलम १४ खाली जिल्हादंडाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकारी यांची मदत घेतली जाते. विक्रीची जाहिरात दोन वर्तमानपत्रांत, त्यांपैकी एका स्थानिक भाषेतील पत्रात, द्यावी लागते आणि पहिल्या लिलावासाठी जाहिरात व विक्री यांच्यात किमान ३० दिवसांचे अंतर असावे लागते. हे ३० दिवस मूलतः कर्जदाराच्या संरक्षणासाठी आहेत, परंतु बोली लावणाऱ्याच्या हातातही चौकशीसाठी तेवढेच दिवस असतात. पहिला लिलाव फसून दुसरा निघाल्यास हे अंतर १५ दिवसांवर येते, म्हणून चौकशीचे वेळापत्रक जाहिरातीच्या तारखेपासून आखलेले बरे.

सहकारी बँकांना हा कायदा वापरता येतो की नाही याबद्दल बरीच वर्षे वाद होता. कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ५ मे २०२० रोजी तो मिटवला आणि सहकारी बँकांनाही सरफेसीचा आधार घेता येतो असा निर्णय दिला. पतसंस्था ही मात्र बँक नव्हे. तिची वसुली महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली मिळालेल्या वसुली दाखल्यावर, कलम १५६ आणि १९६१ च्या नियमांतील नियम १०७ यांच्या आधारे, विशेष वसुली अधिकाऱ्यामार्फत चालते. ग्रामीण भागातील बोली लावणाऱ्याला हा फरक माहीत असणे अत्यंत आवश्यक आहे, कारण दोन्ही लिलावांच्या जाहिराती दिसायला सारख्याच असल्या तरी त्यांतील मुदती, अनामत रक्कम आणि कर्जदाराचे हक्क वेगवेगळे आहेत.

सरफेसीखालील लिलावात यशस्वी बोली लावणाऱ्याने किमतीच्या २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरायची असते आणि आधी भरलेली अनामत तीत धरली जाते. उरलेली रक्कम विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत भरायची असून लेखी संमतीने ही मुदत जास्तीत जास्त तीन महिन्यांपर्यंत वाढू शकते. नियम १०७ खालील लिलावात १५ टक्के रक्कम जागेवर आणि उरलेली १५ दिवसांत भरायची असते, परंतु त्यानंतरही विक्रीच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत कर्जदाराने थकबाकी, खर्च आणि खरेदीदारासाठी खरेदीकिमतीच्या ५ टक्के रक्कम भरली, तर विक्री रद्द होऊन मिळकत त्याच्याकडे परत जाते. सरफेसीत तसा मागे फिरण्याचा मार्ग आता फार अरुंद झाला आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर कर्ज फेडून तारण सोडवण्याचा हक्क लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या बाफना मोटर्सच्या प्रकरणात सप्टेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

कायदा कोणता हे कळल्यावर लगेच उभा राहणारा प्रश्न देवगाव रंगारीच्या परिसरात इतर सर्व प्रश्नांपेक्षा जड आहे, आणि तो म्हणजे जमीन शेतीची आहे काय. सरफेसी कायद्याच्या कलम ३१(झ), म्हणजे मूळ इंग्रजी क्रमातील ‘आय’ या खंडानुसार, शेतजमिनीवरील तारणाला हा कायदा लागूच होत नाही. गावाच्या शिवारातील गटाचा एखादा तुकडा प्लॉट म्हणून तारण ठेवला गेला असेल, त्यावर अकृषिक परवानगीची नोंद नसेल आणि बँकेने सरफेसीखाली लिलाव काढला असेल, तर कर्जदार ऋण वसुली न्यायाधिकरणात जाऊन संपूर्ण कारवाईलाच आव्हान देऊ शकतो. तसे झाल्यास खरेदीदाराचे पैसे आणि वर्षे दोन्ही अडकतात. केवळ सातबाऱ्यावर शेती लिहिले आहे म्हणून जमीन शेतीची ठरते असेही नाही. गोव्यातील एका समुद्रकिनाऱ्यावरच्या पंचतारांकित हॉटेलाच्या लिलावातून निर्माण झालेल्या ब्लू कोस्ट हॉटेल्सच्या प्रकरणात आणि त्याच वर्षीच्या, म्हणजे २०१८ च्या, पप्पिरेड्डियार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने महसुली नोंद हा एकमेव निकष मानला नाही. तारण निर्माण झाले त्या वेळी जमिनीचे स्वरूप काय होते, तिचा वापर कशासाठी होत होता आणि ती कोणत्या हेतूने राखली होती, हे सर्व पाहिले पाहिजे असे न्यायालयाने म्हटले.

हा निकष कायदेपंडितांचा वाटला तरी त्याची प्राथमिक तपासणी घरबसल्या होते. सातबारा उतारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ यांची जोडणी. नमुना ७ मध्ये कोणाचा हक्क आहे हे असते, तर नमुना १२ मध्ये कोणत्या हंगामात कोणते पीक घेतले हे असते. तारणाच्या वर्षाच्या आसपासच्या नमुना १२ मध्ये कापूस, मका किंवा आले अशी पिके सलग नोंदलेली असतील, तर ‘बिनशेती’ प्लॉटच्या दाव्याबद्दल शंका घ्यावी. ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीमुळे शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून पिकाची नोंद करतात आणि त्या नोंदी अलीकडच्या उताऱ्यांत उतरतात. याच्या जोडीला गूगल अर्थवरील जुनी उपग्रहचित्रे वर्षावर्षाने मागे नेऊन पाहिली, तर त्या गटात नांगरटीच्या रेषा होत्या की पाया व रस्ते होते हे काही मिनिटांत दिसते. या तपासणीला एक रुपयाही लागत नाही, आणि संशयित मिळकतींपैकी कित्येक इथेच गळून पडतात.

नियम १०७ खाली पतसंस्था किंवा जिल्हा बँक शेतजमीन विकू शकते, पण मग दुसरे बंधन पुढे येते. देवगाव रंगारी ज्यात येते तो मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचा भाग होता आणि त्यामुळे तेथे १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ४७ मुळे जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. लिलावात जिंकणे आणि फेरफार मंजूर होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नोकरदार किंवा व्यापारी बोली लावणाऱ्याने विसरता कामा नये.

यानंतरची पायरी उताऱ्यांची. महाभूलेख या शासकीय संकेतस्थळावर सातबारा, आठ-अ आणि मिळकत पत्रिका विनामूल्य पाहता येतात, आणि डिजिटल स्वाक्षरी असलेला, कायदेशीर कामासाठी ग्राह्य सातबारा १५ रुपयांत मिळतो. आठ-अ म्हणजे एका खातेदाराच्या नावावरील त्या गावातील सर्व गटांची यादी, ज्यावरून कर्जदाराचे खाते एकट्याचे आहे की सामाईक हे कळते. खाते सामाईक असेल आणि वडिलोपार्जित जमिनीच्या चार वारसांपैकी एकानेच गहाणखतावर सही केली असेल, तर लिलावात मिळतो तो फक्त त्या एकाचा अविभक्त हिस्सा; त्यातून पुढे वाटपाचा दावा उभा राहतो आणि तो पिढीभर चालू शकतो. म्हणून उताऱ्यावरील नावांची संख्या आणि जाहिरातीतील कर्जदार, सहकर्जदार व जामीनदार यांच्या नावांची संख्या ताडून पाहणे हे अगदी साधे वाटणारे काम अतिशय मोलाचे आहे. उताऱ्यात बहिणींची नावे असतील आणि जाहिरातीत नसतील, तर त्यांनी हक्कसोडपत्र नोंदवले आहे काय, हा पुढचा प्रश्न.

सातबाऱ्यातील ‘इतर हक्क’ हा रकाना सर्वांत बारकाईने वाचावा लागतो. विविध कार्यकारी सेवा सोसायटीच्या पीककर्जाचा इकरार, जिल्हा बँकेचा बोजा, विहिरीतील हिस्सा, वहिवाटीचा रस्ता, न्यायालयाचा मनाई हुकूम, भूसंपादनाची नोंद, पुनर्वसनाचा शेरा हे सारे याच रकान्यात असते. लिलाव काढणाऱ्या बँकेचा बोजा येथे नोंदलेलाच नसेल आणि दुसऱ्याच संस्थेचा असेल, तर कोणाचे तारण आधीचे हे विचारले पाहिजे. प्रत्येक नोंदीपुढे फेरफार क्रमांक असतो. फेरफार म्हणजे गाव नमुना ६ मधील ती नोंद, जिच्यात हक्क कसा व का बदलला हे लिहिलेले असते. केवळ आजचा उतारा पाहून थांबणे म्हणजे पुस्तकाचे शेवटचे पान वाचण्यासारखे आहे. जुने फेरफार एकामागून एक काढले तर जमीन कोणाकडून कोणाकडे, खरेदीने, वारसाने, वाटपाने की न्यायालयाच्या हुकमाने गेली याची साखळी तयार होते. ज्या फेरफारांवर हरकतीची मुदत अजून चालू आहे ते ‘आपली चावडी’ या ऑनलाइन सूचनाफलकावर विनामूल्य दिसतात. तरीही महसुली नोंद ही मालकीचा अंतिम पुरावा नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे ती विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, एवढेच तिचे बळ.

मराठवाड्यात या साखळीला आणखी एक जुना पदर आहे, ज्याची पश्चिम महाराष्ट्रातून आलेल्या खरेदीदारांना सहसा कल्पना नसते. निजामाच्या राजवटीत मदतमाश, खिदमतमाश अशा नावांनी व्यक्तींना आणि देवस्थाने, दर्गे, मशिदी यांच्या सेवेसाठी जमिनी दिलेल्या होत्या. १९५४ च्या हैदराबाद इनाम निर्मूलन अधिनियमाने त्यांतील अनेक इनामे रद्द झाली, पण त्यानंतर दिलेल्या जमिनींवर हस्तांतरणाची बंधने राहिली आणि धार्मिक सेवेच्या जमिनींचा प्रश्न वेगळाच राहिला. त्याचप्रमाणे कुळकायद्याच्या कलम ३८-ई खाली संरक्षित कुळांना मालकी मिळाली. अशा जमिनींच्या सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ किंवा ‘नियंत्रित सत्ता प्रकार’ असे लिहिलेले आढळते आणि सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय, बहुधा नजराणा भरल्याशिवाय, त्यांचे हस्तांतरण वैध ठरत नाही. निर्बंधमुक्त समजल्या जाणाऱ्या ‘वर्ग १’ या नोंदीखालीही जुने इनाम दडलेले असू शकते, कारण नोंद चुकीने किंवा घाईने बदललेली असते. म्हणून संशय आल्यास तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून खासरा पत्रक व सेतवार या जुन्या जमीन अभिलेखांच्या नकला काढाव्यात. त्यांतील काही नोंदी उर्दूत किंवा मोडीत असतात आणि त्या वाचणारे जाणकार तालुक्याच्या ठिकाणी अजून सापडतात. माहितीच्या अधिकाराखाली १० रुपयांच्या अर्जावर आणि प्रति पान २ रुपये दराने नकला मागता येतात, मात्र त्या उत्तराला ३० दिवस लागू शकतात आणि लिलावाची मुदतही तेवढीच असते. त्यामुळे अर्ज जाहिरातीच्या पहिल्या आठवड्यातच गेला पाहिजे, अन्यथा नकलेसाठी थेट अर्ज करून कार्यालयात पाठपुरावा करणे बरे.

गावठाणातील घराची गोष्ट आणखी वेगळी आहे, कारण तेथे सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ हा उतारा लोकव्यवहारात मालकीचा कागद समजला जातो आणि ग्रामीण गृहकर्जांतही त्याचा सर्रास वापर होतो. वास्तविक ती घरपट्टीच्या आकारणीची नोंदवही आहे आणि तिच्यात नाव असणे म्हणजे कर भरणारा कोण एवढेच सांगणे होय. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी करून मिळकत पत्रिका व सनदा देण्यात येत आहेत. लिलावातील घराला अशी पत्रिका असेल, तर तिच्यावरील क्षेत्र आणि जाहिरातीतील क्षेत्र यांची तुलना करावी. नसेल, तर मूळ खरेदीखत, वाटणीपत्र आणि चतुःसीमा, म्हणजे चारही दिशांना कोणाची मिळकत आहे याचे वर्णन, यांवरच सारा भार येतो. जाहिरातीत पूर्वेला ‘रस्ता’ लिहिलेला असून प्रत्यक्षात तेथे शेजाऱ्याचा गोठा उभा असणे हे गावठाणात मुळीच दुर्मिळ नाही.

महसुली अभिलेखांनंतर नोंदणीचे अभिलेख येतात. दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदलेल्या प्रत्येक दस्ताचा गोषवारा सूची क्रमांक २ मध्ये असतो आणि नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्च सुविधेत अलीकडच्या वर्षांच्या सूची विनामूल्य पाहता येतात. गट क्रमांक किंवा मिळकत क्रमांक टाकून वर्षनिहाय शोध घेतल्यास त्या मिळकतीचे खरेदीखत, गहाणखत, हक्कसोडपत्र, भाडेपट्टा असे दस्त समोर येतात. शोध घेताना एकच गट क्रमांक वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेला असतो हे ध्यानात ठेवून सर्व पर्याय तपासावेत, कारण यंत्राला ‘४५/१’ आणि ‘४५/१/अ’ या दोन वेगळ्या मिळकती वाटतात. मूळ कागद बँकेत ठेवून केलेले गहाण पूर्वी नोंदणीत दिसतच नसे. १ एप्रिल २०१३ पासून महाराष्ट्रात अशा गहाणाची सूचना, जिला व्यवहारात ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’ म्हणतात, ३० दिवसांत दाखल करावी लागते आणि ती शोधात सापडते. जुन्या वर्षांसाठी कन्नडच्या दुय्यम निबंधक कार्यालयात शुल्क भरून शोध घ्यावा लागतो. वकील हा शोध ३० वर्षांचा घेतात, त्यामागचे कारण असे की गहाण सोडवून घेण्याच्या दाव्याला मुदत कायद्याने ३० वर्षांचा अवधी दिलेला आहे. याला जोडूनच सरसाई या केंद्रीय नोंदणीत नाममात्र शुल्क भरून मिळकतीवरील इतर तारणे तपासावीत. एकाच घराच्या रंगीत प्रतींवर दोन संस्थांकडून कर्ज उचलण्याच्या प्रकारांना आळा घालण्यासाठी ही नोंदणी २०११ मध्ये सुरू झाली.

सरसाईतील नोंदीचा आणखी एक परिणाम आहे. २४ जानेवारी २०२० पासून अमलात आलेल्या सरफेसी कायद्याच्या कलम २६-ई नुसार, ज्या धनकोने आपले तारण तेथे नोंदवले आहे त्याच्या येण्याला शासकीय करांच्या थकबाकीपेक्षा अग्रक्रम मिळतो. जळगाव जनता सहकारी बँकेच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ३० ऑगस्ट २०२२ रोजी हा अग्रक्रम मान्य केला, परंतु या तरतुदी लागू होण्यापूर्वीच विक्रीकरासारख्या थकबाकीसाठी कायदेशीर जप्ती आणि तिची उद्घोषणा झालेली असेल, तर हा अग्रक्रम मिळत नाही हेही सांगितले. कर्जदार दुकानदार किंवा कारखानदार असेल तर बँकेला लेखी विचारावे : तारण सरसाईत कोणत्या तारखेला नोंदवले, आणि वस्तू व सेवा कर विभागाची किंवा इतर कोणाची जप्ती बँकेला ज्ञात आहे काय? जाहिरातीत बोजे ‘बँकेला ज्ञात नाहीत’ असे छापलेले असते आणि बोजे नाहीत असा त्याचा अर्थ लावणे ही मोठी चूक आहे.

विजेची थकबाकी हा किरकोळ वाटणारा विषय गाळे आणि पिठाच्या गिरण्या यांच्याबाबतीत भारी पडतो. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये के. सी. निनान प्रकरणात असे ठरवले की नियमांत तशी तरतूद असेल तर पूर्वीच्या मालकाची थकबाकी भरल्याशिवाय नवी जोडणी न देण्याचा अधिकार वीज कंपनीला आहे. ग्राहक क्रमांक मिळवला की महावितरणचे थकीत देयक तपासता येते. तो क्रमांक मीटरवर किंवा जुन्या देयकावर असतो. घरपट्टी व पाणीपट्टी ग्रामपंचायतीत विचारून कळते. मिळकत वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतील किंवा सिडकोच्या हद्दीतील असेल, तर ती बहुधा भाडेपट्ट्याने दिलेली असते आणि हस्तांतरण शुल्क व परवानगी यांची चौकशी त्या त्या कार्यालयात करावी लागते.

दावे तपासण्यासाठी आज कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. संभाजीनगर येथील ऋण वसुली न्यायाधिकरणातील प्रकरणे, उच्च न्यायालयाच्या तेथील खंडपीठातील याचिका आणि कन्नडच्या दिवाणी न्यायालयातील दावे पक्षकाराच्या नावाने ऑनलाइन शोधता येतात. कर्जदाराला बँकेच्या कारवाईविरुद्ध सरफेसीच्या कलम १७ खाली ४५ दिवसांत न्यायाधिकरणात जाता येते. असा अर्ज प्रलंबित असणे म्हणजे मिळकत सोडून द्यावी असे नाही, पण त्यातील मुद्दा वाचला पाहिजे. ३० दिवसांच्या नोटिशीचा नियम मोडला गेला हा मुद्दा असेल तर तो गंभीर मानावा, कारण मॅथ्यू वर्गीस प्रकरणात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नियम बंधनकारक ठरवला आहे. लिलावानंतरही मिळकतीला जुना इतिहास चिकटून राहतो याचे उदाहरण याच तालुक्यात आहे. कन्नड सहकारी साखर कारखान्याचा ताबा राज्य सहकारी बँकेने जुलै २००९ मध्ये सरफेसीखाली घेतला, २०१२ मध्ये त्याचा लिलाव झाला, आणि तब्बल साडेअकरा वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, सक्तवसुली संचालनालयाने तेथील १६१.३० एकर जमीन, यंत्रसामग्री व इमारती तात्पुरत्या जप्त केल्या. राखीव किंमत कशी ठरली हा या कारवाईमागच्या वादातील एक मुद्दा आहे. आरोपांचा निवाडा न्यायालये करतील. लहान बोली लावणाऱ्याने त्यातून घ्यायचे ते इतकेच, की राखीव किमतीमागचा मूल्यांकन अहवाल पाहण्याची मागणी करणे हा त्याच्याही सुरक्षिततेचा भाग आहे.

कागद पुरेसे झाले की गावात जावे लागते, आणि या कामाला पर्याय नाही. बँकेने जाहीर केलेल्या पाहणीच्या दिवशी अधिकृत अधिकाऱ्यासोबत मिळकत आतून पाहावी, पण त्याआधी एकदा स्वतंत्रपणे, शक्य तर बाजाराच्या दिवशी जाऊन शेजारी, किराणा दुकानदार, ग्रामपंचायतीचा कर्मचारी यांच्याशी बोलावे. भिंत कोणाची, बांध कोणी कोरला, सांडपाणी कोणाच्या दारातून जाते, पाणंद रस्ता अडवलेला आहे काय, हे कोणत्याही उताऱ्यात लिहिलेले नसते. ‘महाभूनकाशा’ या ऑनलाइन सुविधेतील गटाचा नकाशा मोबाइलवर उघडून शिवारात उभे राहिले, तर जाहिरातीतील प्लॉट खरोखर याच जागी आहे काय हे ताडता येते. सरकारी मोजणी धारकाच्याच अर्जावर होत असल्याने बोली लावणाऱ्याला ती आधी मागवता येत नाही. पूर्वी झालेल्या मोजणीची ‘क’ प्रत मात्र बँकेच्या कागदांत असू शकते आणि ती मागून घ्यावी.

जाहिरातीत ताबा ‘प्रत्यक्ष’ आहे की ‘सांकेतिक’ हे छापलेले असते. सांकेतिक ताब्यात दारावर नोटीस चिकटवलेली असते आणि आत कर्जदाराचे कुटुंब राहत असते. अशा घरात जाताना बोली लावणाऱ्याने ध्यानात ठेवावे की आतल्या माणसांचे छप्पर जाणार आहे. त्यांना धमकावून किंवा खोटी आश्वासने देऊन माहिती काढणे अशोभनीय तर आहेच, पण त्यातून पुढे ताब्याच्या वेळी विरोध आणि फौजदारी तक्रारीही उद्भवतात. भाडेकरू राहत असेल तर त्याच्याकडे नोंदणीकृत करार आहे काय आणि तो गहाणापूर्वीचा आहे काय हे पाहावे. विशाल कलसारिया प्रकरणात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाडे नियंत्रण कायद्याखालील खऱ्या भाडेकरूंना संरक्षण दिले; २०१९ च्या बजरंग श्यामसुंदर अगरवाल प्रकरणात मात्र केवळ तोंडी किंवा अनोंदणीकृत करारावर विसंबणाऱ्याला दीर्घकाळ ताबा ठेवता येणार नाही असे म्हटले. गहाणानंतर अचानक उगवलेला भाडेकरू हा बहुतेकदा लिलाव अडवण्याचा प्रयत्न असतो, तरी त्याला बाहेर काढण्यात जाणारा काळ किमतीत धरावाच लागतो.

किमतीचा अंदाज बांधण्यासाठी मुद्रांक विभागाचे वार्षिक बाजारमूल्य दर तक्ते हा आधार सोयीचा असला तरी तो शासनाने शुल्कासाठी ठरवलेला दर आहे. त्याहून खरा आधार म्हणजे त्याच गटातील आणि शेजारच्या गटांतील गेल्या दोन-तीन वर्षांच्या खरेदीखतांची सूची क्रमांक २, जिच्यात मोबदला लिहिलेला असतो. सार्वजनिक बँकांच्या लिलावांसाठी जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालेल्या बँकनेट या एकत्रित संकेतस्थळावर आणि जुन्या वर्तमानपत्रांत हीच मिळकत पूर्वी निघाली होती काय ते शोधावे. राखीव किंमत दर वेळी घटत आली असेल, तर इतरांना तिच्यात काय खटकले हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. अंदाजलेल्या किमतीतून मुद्रांक शुल्क, थकबाक्या, दुरुस्ती, ताब्यासाठी लागणारा काळ आणि वकिलाची फी वजा करून जो आकडा उरतो, तो बोलीचा कमाल आकडा म्हणून लिहून ठेवावा. किंमत ५० लाख रुपये किंवा अधिक असल्यास, शेतजमीन वगळता, १ टक्का प्राप्तिकर कापून भरण्याची जबाबदारीही खरेदीदाराची असते.

येथवर टिकलेली मिळकतच वकिलाकडे न्यावी, आणि नेताना उतारे, फेरफार, सूची, दाव्यांची यादी व छायाचित्रे यांची तारीखवार संचिका सोबत द्यावी; तयार संचिकेवर मत देण्याची फी कोऱ्या शोधापेक्षा कमी असते आणि वकिलाचा वेळ खऱ्या शंकांवर खर्च होतो. बँकेकडे मंजुरीच्या वेळचा शोध अहवाल असतो, तो पाहू देण्याची विनंती ई-मेलने करावी. नकार आला तरी विनंतीची नोंद राहते.

पैशांची तजवीज बोलीनंतर करू असे म्हणणे फार महाग पडते. शण्मुगवेलू प्रकरणात फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मुदतीत उरलेली रक्कम न भरणाऱ्या खरेदीदाराची संपूर्ण २५ टक्के रक्कम जप्त करणे वैध ठरवले. २२ लाखांच्या बोलीवर हे साडेपाच लाख रुपये होतात. सांकेतिक ताब्यातील मिळकतीवर कर्ज द्यायला दुसऱ्या बँका कचरतात, म्हणून कर्जाची तत्त्वतः मंजुरी अनामत भरण्याआधी लेखी हातात असावी. लिलावाच्या दिवशी सकाळी डिजिटल सातबारा पुन्हा १५ रुपये भरून काढावा, आपली चावडीवर नवा फेरफार पडला आहे काय ते पाहावे, न्यायाधिकरणाच्या यादीत त्या कर्जदाराचे नाव आदल्या दिवशी लागले होते काय ते तपासावे, आणि मग संगणकासमोर, लिहून ठेवलेला तो आकडा शेजारी ठेवून बसावे.